गुरुवार आमचा, शनिवार त्यांचा

पेटी बुधवारी दुपारी आली. मी मागच्या अंगणात टोमॅटो काढत होते, त्यामुळे पोस्टमनची घंटा ऐकू आली नाही. पुढच्या पायरीवर खोका ठेवून तो निघून गेला होता. वरचा पत्ता वर्नाच्या अक्षरात होता. खोक्यात तिच्या घरचा निळा टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेली आमची कार्डांची पेटी. चिठ्ठी वगैरे काही नाही.

मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि समोर बसले.

स्टारबर्ड स्टेट विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी सदतीस वर्षं सेक्रेटरी होते. वर्ना हॅगर्टी एकशे दहा मैलांवर, कॅल्डर विद्यापीठात, तेच काम करायची. दोन्ही विद्यापीठं आपसात खेळणाऱ्या दहांच्या गटातली. आम्ही त्या गटाला नुसतं ‘दहा’ म्हणायचो. दहांच्या पाच जोड्या होत्या. बाहेरगावचा संघ यायचा तो जोडीतल्या एकाशी गुरुवारी खेळायचा, शुक्रवारी बसने दुसऱ्याकडे जायचा आणि शनिवारी तिथे खेळून घरी परतायचा. एका विमानप्रवासात दोन सामने. आमच्या जोडीत गुरुवार आमचा आणि शनिवार त्यांचा. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकाहत्तर साली नोकरीला लागले तेव्हाही तसंच होतं.

गुरुवारी येणाऱ्या पोरांना आम्ही मसुराचं सूप वाढायचो. आमच्या टेकड्यांवर गहू आणि मसूर, दुसरं पिकतंय काय! शनिवारी कॅल्डरला त्यांना ॲपल पाय मिळायचा.

“तुझं सूप पिऊन पोरं अशी जड होऊन येतात,” वर्ना फोनवर म्हणायची, “की आमची पोरं त्यांना उभं आडवं हरवतात. अशीच वाढत जा गं बाई.”

दहांचं सगळं वेळापत्रक आम्ही दोघी करायचो. बाकीच्या आठ ठिकाणच्या लोकांनी हळूच अंग काढून घेतलं आणि ते आमच्या गळ्यात पडलं, असं म्हटलं तरी चालेल. जुलैत चार दिवस तिच्या नाहीतर माझ्या घरी टेबलावर कार्डं मांडायची. प्रत्येक विद्यापीठाचा एक रंग. आमचं कार्ड पिवळं, त्यांचं हिरवं. कुणाच्या परीक्षा कधी, कुठल्या घाटात बर्फ कधी पडतो, कुठल्या मैदानावर त्या आठवड्यात घोड्यांचं प्रदर्शन आहे, हे सगळं डोक्यात ठेवून कार्डं सरकवायची. वर्नाच्या नवऱ्याने, लाइलने, त्या कार्डांसाठी अक्रोडाच्या लाकडाची पेटी करून दिली होती. बिजागरी पितळेची. झाकण लागताना आवाज म्हणून येत नसे.

पुढे ते काम कॉम्प्युटरकडे गेलं. आम्ही दोघी निवृत्त झालो, पण खेळ सोडला नाही. दर जुलैत आम्ही आमचं वेळापत्रक हाताने करायचो, मग कॉम्प्युटरचं जाहीर झालं की दोन्ही शेजारी ठेवून मोजायचो, कुठल्यात पोरं जास्त रात्री स्वतःच्या गादीवर झोपतात. बहुतेक वेळा आम्हीच जिंकायचो. पेटी एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. ऑक्टोबरात आमच्या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना असायचा, त्या दिवशी गाड्यांच्या तळावर डिकीतून डिकीत तिची बदली व्हायची. लाइल असताना तो टोपी काढून उभा राहायचा, जणू झेंडाच उतरतोय.

ते वर्ष वर्नाचं होतं. पेटी ऑक्टोबरपर्यंत तिच्याकडेच राहायला हवी होती, आणि इथे ऑगस्टच चालू होता.

लाइल गेला त्याच्या आधीच्या महिन्यात त्याने आपले मासे पकडायचे गळ एकेका मित्राला पोस्टाने पाठवून दिले होते. चिठ्ठीशिवाय. आणि वर्नाच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच, वसंतात झालं होतं. मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हाही तेच. मी पेटीचं झाकण उघडलं नाही. आत काय आहे ते मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. आणि खरं सांगायचं तर उघडायची हिंमत नव्हती.

त्या आठवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. आदल्या वर्षी दहांमधली दोन सर्वांत मोठी विद्यापीठं फुटून बड्या गटात गेली होती, ज्यांचे संघ मंगळवारी रात्रीच्या सामन्यासाठीही पार अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत उडत जातात. टीव्हीवाल्यांना आवडतं म्हणून. उरलो आठ. या आठांचे सामने दाखवायला एक कंपनी तयार झाली होती. पैसे पूर्वीपेक्षा कमी, पण तग धरण्यापुरते. शुक्रवारी दुपारी आठही अध्यक्षांनी सह्या करायच्या. एक जरी सही कमी पडली तरी कंपनी बाजूला होणार होती.

दुसरीकडे, पूर्वेच्या डोंगरातल्या विद्यापीठांच्या गटाने आम्हाला एकट्यांनाच पत्र पाठवलं होतं. आमच्यात या, शुक्रवारी बारा वाजेपर्यंत कळवा, त्यानंतर जागा दुसऱ्याला देऊ. तिथे टीव्हीचे पैसे आणखी थोडे, पण मुलींचं पोहणं त्यांच्या गटात सक्तीचं.

ते पोहणं माझ्या घरातलं होतं. माझी मुलगी ब्रिट आमच्या मुलींच्या पोहण्याच्या संघाची प्रशिक्षक. त्याच तलावात ती सहाव्या वर्षी शिकली, त्याच तलावात विद्यापीठासाठी पोहली, आणि चौदा वर्षं तिथेच शिकवत होती. क्रीडा विभागाचे संचालक डेल वॉरिनर यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, “आठांचा करार झाला तर तलाव चालेल. डोंगरात गेलो तरी चालेल. दोन्ही हुकलं तर सगळ्यात आधी तलाव बंद होईल, ब्रिट. मी तुला फसवणार नाही.”

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं कॅल्डरवर. बाकीचे सहा राहणार होते, कारण त्यांना दुसरं कुणी विचारलंच नव्हतं. कॅल्डर राहिलं तर आम्ही राहायचं. कॅल्डर जाणार असेल तर बाराच्या आत डोंगराला हो म्हणायचं. आणि कॅल्डर कधी आम्हाला सोडून गेलं नव्हतं. जोडी मत एकच देते, हा दहांमधला सर्वांत जुना रिवाज. प्रत्येक मतदानाच्या दिवशी सकाळी दोन्ही अध्यक्ष अर्ध्या रस्त्यावर, धान्याच्या कोठारांशेजारच्या खानावळीत, एका टेबलावर नाश्ता करायचे, हात मिळवायचे आणि आपापल्या गावी परतायचे. कागद कधी लिहिला गेला नाही. त्याची गरजच पडली नव्हती.

गुरुवारी सकाळी वॉरिनरांचा फोन आला. मी वर्नासाठी सूप चढवलं होतं.

“अर्लिस, तुम्हाला एक विचारायचं होतं. कॅल्डरकडून काही कानावर आलंय?”

“माझ्या कानावर काय येणार? निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली.”

“त्या वर्नाबाईंशी बोलणं होतं ना तुमचं? त्यांचा मुलगा आता विश्वस्त मंडळावर आहे म्हणे.”

“गॉर्डन? हो, आहे. पण तो आईला काय सांगणार? लहानपणी परीक्षेतले मार्कसुद्धा सांगायचा नाही.”

ते हसले. “म्हणजे काहीच नाही?”

पेटी माझ्यासमोर टेबलावर होती. मी तिच्या झाकणावर हात ठेवून उभी होते. आजही तो गुळगुळीत स्पर्श तळहाताला आठवतो.

“काहीच नाही,” मी म्हटलं. “वर्नाची तब्येत मात्र बरी दिसत नाही. उद्या जाऊन येते.”

“आमच्याकडून शुभेच्छा सांगा. आणि काळजी करू नका. उद्या सकाळी नाश्ता आहेच. मीही जातोय अध्यक्षांबरोबर. कॅल्डर म्हणजे कॅल्डर.”

“कॅल्डर म्हणजे कॅल्डर,” मीही म्हटलं.

शुक्रवारी सकाळी सुपाचा डबा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून मी निघाले. कापणी चालू होती. रस्त्यावर गव्हाचे ट्रक, आणि एका चढावर तर अख्खं कापणीयंत्र रस्ताभर पसरून गोगलगायीसारखं चाललेलं. दोन तासांचा रस्ता, मला तीन लागले. सगळा वेळ मी मनात शब्द जुळवत होते. मरणाऱ्या मैत्रिणीशी काय बोलायचं असतं? लाइलच्या वेळी मी काही बोलले नव्हते, नुसती भांडी घासली होती.

वर्नाने दार उघडलं. अंगात बागेतले जुने कपडे, हातात कात्री, गाल उन्हाने लाल. माझ्यापेक्षा ठणठणीत.

“अगं, तू जिवंत आहेस!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“नसायला काय झालं? आणि तू इथे काय करतेयस? आज? आज तू इथे काय करतेयस, अर्लिस?”

“फोन का उचलत नव्हतीस?”

“ते आत ये आधी.”

तिने माझ्या हातातला डबा घेतला नाही. स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याला टेकून उभी राहिली. बसली नाही, मलाही बस म्हणाली नाही.

“पेटी मिळाली?”

“मिळाली. म्हणून तर आले. मला वाटलं, लाइलसारखं तू पण… सगळं वाटून टाकतेयस.”

तिने हळूच विचारलं, “आत पाहिलंस?”

“पेटीत काय बघायचं? पन्नास वर्षं बघतेय.”

“तू झाकण उघडलं नाहीस?”

“नाही.”

“अर्लिस.” तिने कात्री ओट्यावर ठेवली. “अगं बाई, मी दुसरं काय करायला हवं होतं? अंगणात उभं राहून ओरडायला हवं होतं का? पुढच्या वर्षाची कार्डं मी मांडून पाठवली आहेत. हिरवं कार्ड काढून घेतलंय. तुझ्या गुरुवारपुढचा शनिवार कोरा ठेवलाय. एवढं तर तुला झोपेतही कळलं असतं.”

मी खुर्ची ओढून बसले.

गॉर्डन तिच्याकडे रविवारी जेवायला आला होता. त्याला राहवलं नाही, आईजवळ बोलून बसला. कॅल्डरला बड्या गटाने घेतलं होतं. महिन्यापूर्वीच ठरलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर बाकीचे आपापली सोय करतील आणि कॅल्डरवर खटला भरायला मोकळे होतील. मग त्याने आईकडून वचन घेतलं. वडिलांची शपथ घालून.

“मी बोलणार नाही म्हटलं होतं,” वर्ना म्हणाली. “पाठवणार नाही असं नव्हते म्हणाले. सोमवारी सकाळी पोस्टात जाऊन उभी होते. तू फोन केलास तेव्हा मी त्याच्याशेजारी बसले होते, पण उचलला असता तर सगळं बोलून गेले असते. मला वाटलं, हिला कळलंय, नुसतं थँक्यू म्हणायला करतेय.”

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“तुझा फोन दे,” मी म्हटलं. माझा मोबाइल गाडीत होता आणि चाळीसच मिनिटं उरली होती.

“माझ्या फोनवरून? तिकडे नाव दिसेल, अर्लिस. गॉर्डनची खुर्ची जाईल.”

“ब्रिटचा तलाव जाईल.”

ती खिडकीकडे वळली. तोंड तिकडेच ठेवून म्हणाली, “घे. घे ना. बघतेस काय!”

वॉरिनर लगेच फोनवर आले. आवाजात उत्साह होता. मागे माणसं बोलत होती, कपबशा वाजत होत्या.

“वर्नाबाई?”

“मी अर्लिस. डेल, कॅल्डर जातंय. महिन्यापूर्वी ठरलंय. डोंगरवाल्यांना आत्ताच्या आत्ता कळवा.”

मागचे आवाज कमी झाले. ते खोलीबाहेर आले असावेत.

“कोण म्हणतं?”

मी वर्नाकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो की नाही ते समजेना.

“माझ्याकडे एक कार्ड आलंय,” मी म्हटलं. “त्यात आमच्यापुढचा शनिवार कोरा आहे.”

स्वतःच्या कानांनाच ते कसं वाटलं, काय सांगू.

“अर्लिस,” ते म्हणाले. फार मऊपणे म्हणाले, त्यामुळे जास्तच लागलं. “आज सकाळी सात वाजता त्यांचे अध्यक्ष माझ्यासमोर अंडी खात होते. बिल त्यांनी दिलं. निघताना आमच्या अध्यक्षांचा हात दोन्ही हातांत घेतला. मी तिथे होतो. आता मी आत जाऊन काय सांगू? एका कार्डासाठी साठ वर्षांची जोडी मोडा?”

“गॉर्डनने आईला सांगितलंय.” शेवटी सांगूनच टाकलं. वर्नाने डोळे मिटले.

“पण काल तर तुम्ही म्हणालात, काहीच नाही.”

“काल मला…”

“काल कळलं असतं तर आज टेबलावर त्यांना सरळ विचारलं असतं मी. तोंडावर. खोटं बोलताना माणूस दिसतो.” ते थांबले. “मी अध्यक्षांच्या कानावर घालतो. पण चाळीस मिनिटांत, अर्लिस…”

त्यांनी कानावर घातलं. ते मला पुढे कळलं. अध्यक्ष म्हणाले, मी त्या माणसाबरोबर आत्ताच नाश्ता केलाय, आणि विषय तिथेच संपला. बाकीचे लोक या गोष्टीला काय म्हणतील ठाऊक नाही. आमच्याकडचा कुणीही माणूस त्या जागी असता तर तेच म्हणाला असता, मीसुद्धा.

वर्ना आणि मी बारा वाजेपर्यंत त्या स्वयंपाकघरात बसलो. डब्यातलं सूप तसंच थंड झालं. बारा वाजून गेले तेव्हा मी उठले.

“खाऊन तरी जा,” ती म्हणाली.

“नको.”

दोन वाजता, मी अर्ध्या रस्त्यावरच्या त्या खानावळीसमोरून जात असताना, गाडीतल्या रेडिओवर बातमी आली. कॅल्डर बड्या गटात. निवेदक इतक्या आनंदाने सांगत होता, जणू कुणाला मूल झालंय.

पुढचं सगळं भराभर झालं. टीव्ही कंपनी बाजूला झाली. आठांतले आणखी तिघे कुठे कुठे पळाले. डोंगरातली आमची जागा दुसऱ्याला गेली होती. आम्हाला शेवटी एका लहानशा गटात आसरा मिळाला, त्यांचे सामने कुणी दाखवत नाही. वॉरिनरांनी वर्षभरात नोकरी सोडली. गॉर्डनचीही खुर्ची गेली. तो आईकडे आता जेवायला येत नाही, असं ऐकते. पोहण्याच्या मुलींना एक हंगाम पुरा करू दिला. एकोणीस मुली होत्या. सहा जणी दुसरीकडे गेल्या, बाकीच्यांनी इथेच राहून नुसतं शिकायचं ठरवलं.

ब्रिटला मी काही बोलले नव्हते. ती वर्षभर एकच म्हणायची, “कुणालाच आधी कळलं नाही गं आई. कळलं असतं तर डेलने नक्की केलं असतं काहीतरी.” भांडी पुसताना म्हणायची, गाडी चालवताना म्हणायची.

मार्चमध्ये शेवटची स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे कॉफीला आली. केसांना क्लोरीनचा वास होता, लहानपणापासून येतो तसाच. तलावात रांगा आखणाऱ्या दोऱ्या उतरवायच्या होत्या आणि सोमवारी तलावातलं पाणी काढून टाकायचं होतं. मी कपाटावरून पेटी काढून तिच्यासमोर ठेवली.

“ही तुझी आणि वर्नामावशीची ना? अजून आहे?”

“उघड.”

तिने झाकण उघडलं. लहानपणी ती याच टेबलाखाली बसून आम्हाला कार्डं सरकवताना बघायची, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. बोटाने एकेक कार्ड पुढे घेत ती पिवळ्यापर्यंत आली. गुरुवार. त्याच्यामागे पांढरं, कोरं कार्ड.

“हे कधीचं?”

“त्या ऑगस्टमधलं. बुधवारी आलं होतं.”

“कुठल्या बुधवारी?”

“शुक्रवारच्या आधीच्या.”

तिने वर पाहिलं. मी सांगत गेले. गळ, ऑपरेशन, न उघडलेलं झाकण, वॉरिनरांचा फोन, झाकणावरचा माझा हात. सगळं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटत होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“गुरुवारी त्यांनी विचारलं,” ती म्हणाली, “आणि तू काहीच नाही म्हणालीस.”

“हो.”

“पेटी समोर असताना.”

“हो.”

तिने पांढरं कार्ड काढून घेतलं होतं. ते थोडा वेळ हातात फिरवलं, मग होतं त्याच जागी, पिवळ्यामागे, सरळ करून ठेवलं. झाकण लावलं. आवाज झाला नाही.

“दोऱ्या उतरवायच्यात,” ती म्हणाली. “मुली वाट बघत असतील.”

कॉफी अर्धी तशीच राहिली होती. मी खिडकीतून तिची गाडी वळणापर्यंत जाताना पाहिली.

दर गुरुवारी संध्याकाळी माझा फोन वाजतो. वर्नाचाच असतो. मी तो वाजू देते. ती जास्त वेळ ठेवत नाही, पाच-सहा घंटांनंतर बंद करते, आणि मग घरात कुठलाच आवाज नसतो; शनिवारही कोराच जातो.